हाताला पटले, बुद्धीला पटले का?

मार्च १९६१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री या संग्रहालयात गणिताचे एक दालन उघडण्यात आले. 'मॅथेमॅटिका' हे त्याचे नाव. चार्ल्स आणि रे इम्स या रचनाकार दांपत्याने ते उभारले, खर्च आयबीएम कंपनीने केला आणि रेमंड रेडहेफर या गणितज्ञाने सल्लागाराचे काम पाहिले. खिळ्यांच्या जाळीतून खाली पडणाऱ्या गोळ्या, मोबियसच्या पट्टीवरून फिरणारा बाण, साबणाच्या पाण्यात बुडून वर येणारे तारांचे सांगाडे, दोन-तीन संख्यांचा गुणाकार दिव्यांच्या घनातून दाखवणारे यंत्र अशा वस्तू तेथे होत्या. त्यापूर्वी संग्रहालयात गणित असलेच तर काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या पांढऱ्या नमुन्यांच्या रूपात असे. इम्स दांपत्याने गणिताला हलते-चालते केले. या दालनाच्या प्रती पुढे इतर शहरांतही झाल्या. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात १९८१ साली एक प्रत गेली, तर लॉस एंजेलिसमधले मूळ दालन बंद झाल्यावर २००४ साली ते न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्समध्ये नेण्यात आले.

त्यानंतरच्या साठ वर्षांत ही कल्पना जगभर पसरली. १९६९ साली फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. जर्मनीत गीसन येथे प्रा. आल्ब्रेख्त बॉयटल्सपाखर यांच्या पुढाकाराने २००२ साली 'माटेमाटिकुम' हे केवळ गणिताला वाहिलेले संग्रहालय उघडले, तर २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये 'नॅशनल म्युझियम ऑफ मॅथेमॅटिक्स' आले. आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची स्थापना १९७८ ची. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ साली आणि पणजीचे गोवा विज्ञान केंद्र २००१ साली सुरू झाले. आपल्या शाळांच्या सहली तेथे जातातच.

या सर्व प्रयत्नांमागे एक गृहीतक असते. गणित अवघड वाटते कारण ते अमूर्त आहे, तेव्हा ते हातात दिले की कळेल, असे हे गृहीतक आहे. ते अर्धे खरे आहे. त्याचा खोटा अर्धा भाग कोणता, हे शिक्षकांनी ओळखायला हवे, नाहीतर सहलीहून परतलेला विद्यार्थी गणिताविषयी एक गैरसमज घेऊन येतो आणि तो पुढे वर्गात काढणे कठीण जाते. या लेखात मी अशा काही प्रसिद्ध मांडण्यांची परीक्षा करणार आहे. त्या देखण्या आहेत यात शंका नाही. त्या गणित शिकवतात का, एवढाच माझा प्रश्न आहे.

चिंचोक्यांची कसोटी

परीक्षा करायची तर कसोटी हवी. मी ती चिंचोक्यांवरून घेतो.

जमिनीवर एक चिंचोका ठेवा. त्याच्या उजव्या बाजूला, वर आणि कोपऱ्यात असे तीन चिंचोके ठेवले की दोन बाय दोनचा चौरस होतो. त्याला पुन्हा तशीच काटकोनी किनार लावायला पाच चिंचोके लागतात आणि तीन बाय तीनचा चौरस तयार होतो. पुढच्या किनारीला सात लागतात. प्रत्येक किनारीच्या दोन्ही भुजा आधीच्या किनारीपेक्षा एकेकाने वाढतात, म्हणून दर वेळी दोन चिंचोके जास्त लागतात. पहिल्या कितीही विषम संख्यांची बेरीज पूर्ण वर्ग का येते, हे येथे दिसते. आपण मांडल्या तीन-चार किनारी. पण पुढच्या सर्व किनारींचे कारण त्यातच आहे. शंभरावी किनार मांडून पाहण्याची गरज उरत नाही.

गणिताचे मर्म नेमके येथे आहे. एका उदाहरणात सर्व उदाहरणांचे कारण दिसले पाहिजे. तेव्हा गणिताच्या मांडणीला मी तीन प्रश्न विचारतो. एक, पाहणाऱ्याला आधी अंदाज बांधायला वाव आहे का? दोन, त्याला काही बदलून पाहता येते का आणि त्यात चुकता येते का? तीन, 'असे होते' याच्या पलीकडे 'असेच का होणार' याचे कारण त्या वस्तूत दिसते का? आणि ते दिसत नसेल, तर हाताची मर्यादा कोठे आली हे ती मांडणी प्रामाणिकपणे सांगते का?

पाण्याने दाखवलेला पायथागोरस

काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवर पारदर्शक प्लास्टिकचे तीन चौरस डबे बसवलेले असतात. सर्वांची खोली सारखी असते. त्यांत रंगीत पाणी असते. चक्र फिरवले की दोन लहान डब्यांतले पाणी मोठ्या डब्यात उतरते आणि तो काठोकाठ भरतो. ही मांडणी देशोदेशीच्या विज्ञान केंद्रांत आढळते. मुले ती दोन-तीनदा फिरवतात, खूश होतात आणि पुढे जातात.

पहिला दोष असा की येथे अंदाजाला जागाच नाही. पाणी मावणार हे फलकावर आधीच लिहिलेले असते. दुसरा दोष, त्रिकोण एकच आहे आणि तो बदलता येत नाही. तिसरा दोष मात्र गंभीर आहे. समजा, त्रिकोणाच्या दोन बाजू ३० आणि ४० सेंटिमीटर आहेत आणि कारागिराच्या चुकीने त्यांच्यामधला कोन ९० ऐवजी ८९ अंशांचा झाला. मग लहान चौरसांची क्षेत्रफळे मिळून २५०० चौरस सेंटिमीटर होतील आणि मोठ्याचे क्षेत्रफळ सुमारे २४५८. फरक पावणेदोन टक्क्यांहूनही कमी. सांध्यांत अडकलेले पाणी आणि कोपऱ्यातला हवेचा बुडबुडा यांत तो सहज लपून जाईल. प्रमेय काटकोनाबद्दल आहे आणि पाण्याला ८९ व ९० अंशांतला भेद कळत नाही! पाण्याने एका त्रिकोणाचा अंदाजे पडताळा घेतला, इतकेच. विद्यार्थी मात्र 'पायथागोरसचे प्रमेय सिद्ध झालेले पाहिले' असे वहीत लिहितो.

याउलट भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात दिलेली आकृती घ्या. एकाच मापाचे चार काटकोन त्रिकोण पुठ्ठ्यातून कापा. त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे मांडले की कर्णावरचा चौरस तयार होतो आणि मध्ये एक लहान चौकोनी जागा उरते. त्या जागेची बाजू म्हणजे त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंमधला फरक. बाजू ३, ४, ५ असतील तर चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ २४, मधल्या चौरसाचे १, एकूण २५. आता तेच पाच तुकडे दुसऱ्या रीतीने मांडले की ३ आणि ४ बाजूंचे दोन चौरस शेजारी शेजारी बसतात. बाजू ३ आणि ४ ऐवजी दुसऱ्या कोणत्याही घेतल्या तरी मांडणीची रीत तीच राहते. शिवाय काटकोन कोठे उपयोगी पडला तेही दिसते. त्रिकोणाचे उरलेले दोन कोन मिळून नव्वद अंश होतात, म्हणूनच मोठ्या आकृतीचा प्रत्येक कोपरा काटकोन बनतो. कोन ८९ अंशांचा असता तर ते दोन कोन मिळून ९१ अंश झाले असते आणि चौरस झालाच नसता. पुठ्ठ्याचा खर्च नाममात्र. पण कारण हाती लागते.

चौसष्टचे पासष्ट

तुकडे हलवले की सिद्धता झाली, असेही समजू नये. तुकडे खोटे बोलू शकतात.

आठ बाय आठचा चौरस घ्या. त्याचे आठ बाय पाच आणि आठ बाय तीन असे दोन भाग करा. लहान भाग कर्णावर कापा. दोन काटकोन त्रिकोण मिळतील. मोठ्या भागाचे तिरप्या रेषेने असे दोन समलंब चौकोन करा की त्यांच्या समांतर बाजू ५ आणि ३ होतील. हे चार तुकडे पाच बाय तेराच्या आयतात मांडता येतात. चौरसाचे क्षेत्रफळ ६४ होते, आयताचे झाले ६५. एक घर आले कोठून?

डोळ्याला येथे काहीच दोष दिसत नाही. पण त्रिकोणाच्या तिरप्या बाजूचा चढ आठास तीन, म्हणजे ०.३७५ आहे, तर समलंबाच्या तिरप्या बाजूचा चढ पाचास दोन, म्हणजे ०.४. दोन्ही एका सरळ रेषेत येतच नाहीत. आयताच्या कर्णालगत एक लांबट फट राहते आणि तिचे क्षेत्रफळ बरोबर एक घर भरते. घर एक सेंटिमीटरचे असेल तर ही फट सर्वांत रुंद जागीही सव्वा मिलिमीटरहून कमी असते. कात्रीचा फरक म्हणून आपण ती सोडून देतो.

माझ्या मते भास्कराचार्यांचे कोडे आणि हे कोडे प्रत्येक गणित दालनात एकाच टेबलावर ठेवले पाहिजे. पहिल्यात हात खरे सांगतो, दुसऱ्यात तोच हात फसवतो. दोहोंतला भेद हाताने कळत नाही, चढ मोजून आणि कोनांचा विचार करूनच कळतो. सिद्धता कशाला हवी, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

दिसते ते खरेच असते असे नाही, याचे एक उदाहरण संग्रहालयाच्या भिंतीवरचेच आहे. पॅरिसच्या पॅले द ला देकुव्हर्त या विज्ञान संग्रहालयात १९३७ साली 'पाय'चे एक गोल दालन करण्यात आले. विल्यम शँक्स यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली पायची ७०७ दशांश स्थळे त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावली होती. पुढे १९४० च्या दशकात डी. एफ. फर्ग्युसन यांना आढळले की शँक्स यांचे आकडे ५२८ व्या स्थळापासून पुढे चुकलेले आहेत. नंतर भिंतीवरचे आकडे सुधारण्यात आले. तोपर्यंत कितीतरी लोक ते कौतुकाने पाहून गेले होते.

घसरगुंडीची शर्यत

आता एक अतिशय लोकप्रिय मांडणी घेऊ. वरच्या एका बिंदूपासून खालच्या बिंदूपर्यंत दोन मार्ग असतात, एक सरळ उताराचा आणि दुसरा वक्र. दोन्हींवरून एकाच क्षणी गोळ्या सोडायच्या. वक्र मार्ग लांब असूनही त्यावरची गोळी आधी पोहोचते. हा वक्र म्हणजे चक्रज, अर्थात सायकलच्या चाकाच्या कडेवरील बिंदू चाक फिरताना हवेत जी कमान काढतो ती, उलटी केलेली.

अंदाजाच्या कसोटीला ही मांडणी उतरते. बहुतेक मुले सरळ मार्गावर पैज लावतात आणि हरतात. चुकण्याची ही संधी मोलाची आहे. परंतु फलकावर लिहिलेले असते की 'चक्रज हा सर्वांत जलद मार्ग आहे'. मांडणीने दाखवले ते इतकेच की चक्रज सरळ रेषेपेक्षा जलद आहे. 'सरळ रेषेपेक्षा जलद' आणि 'सर्वांत जलद' यांत आभाळाएवढे अंतर आहे.

ते अंतर किती मोठे, हे इतिहासच सांगतो. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार केला होता. वर्तुळाच्या कंसावरून पदार्थ सरळ उतारापेक्षा लवकर खाली येतो हे त्याने ओळखले आणि वर्तुळाचा कंसच सर्वांत जलद असावा असे त्याला वाटले. १६९६ साली योहान बर्नुली यांनी हा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. न्यूटन, लायब्निझ, याकोब बर्नुली आदींनी तो सोडवला आणि उत्तर निघाले चक्रज.

आपण आकडे मांडून पाहू. सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटचा बिंदू एक मीटर खाली आणि एक मीटर बाजूला आहे असे धरा. घर्षण मुळीच नसेल तर सरळ उतारावरून घसरायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात. वर्तुळाच्या चतुर्थ कंसावरून ०.५९२ सेकंद आणि चक्रजावरून ०.५८३ सेकंद. कंस आणि चक्रज यांतला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी! हाताने गोळ्या सोडण्यात, घर्षणात, मार्गाच्या घडणीत याहून मोठा फरक पडतो. गॅलिलिओसारख्या प्रयोगकुशल माणसालाही हा भेद प्रयोगाने दिसला नाही, यात नवल नाही.

म्हणून मला वाटते, या मांडणीत तिसरा मार्ग म्हणून वर्तुळाचा कंस ठेवायला हवा. तो ठेवला की पाहुणे म्हणतील, 'दोन्ही गोळ्या बरोबरच आल्या'. मग फलकाने सांगावे की येथवर हाताने आणि डोळ्याने काम केले. यापुढचे काम बर्नुलींच्या युक्तिवादाचे आहे. बहुतेक ठिकाणी कंस ठेवत नाहीत, कारण त्याने खेळाचा निकाल 'बिघडतो'. खरे तर गणित तेथूनच सुरू होते.

साबणाचा पडदा

इम्स यांच्या दालनातील साबणाच्या पडद्यांची मांडणी या दृष्टीने सरस आहे. तिची सोपी आवृत्ती शाळेतही होते. अॅक्रिलिकच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये चौरसाच्या कोपऱ्यांवर चार खिळे बसवा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. ही चार खेडी आहेत आणि त्यांना जोडणारा कमीत कमी लांबीचा रस्ता हवा आहे, असे मुलांना सांगा. आधी अंदाज घ्या. चौरसाची बाजू एक किलोमीटर असेल तर तीन बाजूंनी रस्ता केल्यास तो ३ किलोमीटर होतो, दोन कर्णांनी केल्यास सुमारे २.८३. साबणाचा पडदा तिसराच मार्ग काढतो. मध्ये एक आडवी रेषा आणि तिच्या दोन्ही टोकांपासून दोन-दोन फाटे, प्रत्येक तिठ्यावर १२० अंशांचे कोन. लांबी सुमारे २.७३.

बहुतेक फलक येथे थांबतात आणि 'निसर्ग नेहमी सर्वांत लहान मार्ग निवडतो' असे वाक्य लिहितात. हे वाक्य चूक आहे. चौरसाऐवजी ४ बाय ३ चा आयत घ्या. पडद्यातली मधली रेषा लांब बाजूला समांतर आली तर एकूण लांबी सुमारे ९.२० होते. ती आखूड बाजूला समांतर आली तर ९.९३ होते. दोन्ही पडदे स्थिर असतात आणि बुडवून काढण्याच्या पद्धतीप्रमाणे कधी हा तर कधी तो मिळतो. साबणाला फक्त आसपासचे दिसते. थोडे इकडे-तिकडे हलून लांबी कमी होत नाही असे झाले की तो थांबतो, मग दूर कोठेतरी याहून लहान मार्ग का असेना. आसपासचे किमान आणि एकूणातले किमान यांतला भेद बारावीच्या कलनात शिकवतात. येथे तो बादलीतल्या पाण्यात दिसतो. पडदे १२० अंशांतच का मिळतात हे बेल्जियमच्या प्लाटो या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात निरीक्षणाने सांगितले, पण त्रिमितीतल्या पडद्यांच्या नियमांची पूर्ण गणिती सिद्धता जीन टेलर यांनी १९७६ साली दिली. पुन्हा पुन्हा बुडवून वेगळे उत्तर देणारी मांडणी ही मुलांना प्रश्न विचारायला लावते, म्हणून ती चांगली.

गोळ्यांचा पाऊस आणि मेरुप्रस्तार

खिळ्यांच्या जाळीतून गोळ्या सोडल्या की खालच्या कप्प्यांत घंटेच्या आकाराचा ढीग होतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७० च्या दशकात हे साधन प्रथम तयार केले. इम्स यांच्या दालनात ते माणसापेक्षा उंच होते. त्याच्या काचेवर घंटेचा वक्र आधीच रंगवलेला असतो आणि गोळ्यांचा ढीग हळूहळू त्याला येऊन मिळतो. दृश्य विलक्षण आहे. पण रंगवलेला वक्र म्हणजे उत्तरपत्रिका आधी वाटण्यासारखे आहे! ढीग तसाच का झाला हा प्रश्न मनात येण्याआधीच तो मिटतो.

कारण सांगायला आपल्याकडे उत्तम साधन आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रावरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार समजावून सांगितला. दहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या एकूण १०२४ रचना होतात. त्यांपैकी सर्व लघु असलेली रचना एकच. पाच लघु व पाच गुरू असलेल्या रचना २५२. लघूच्या जागी डावीकडे आणि गुरूच्या जागी उजवीकडे असे म्हटले की हीच गोळीची कथा होते. अगदी टोकाच्या कप्प्यात जायला एकच वाट, मधल्यात जायला २५२ वाटा. ढीग मध्ये का उंच, हे वाटा मोजल्याने कळते, गोळ्या पाहिल्याने नव्हे.

येथे एक सूक्ष्म गोष्टही आहे. खऱ्या यंत्रात गोळ्या एकमेकींवर आदळतात, कधी एक खिळा ओलांडून उडतात. 'प्रत्येक खिळ्याशी निम्मी-निम्मी शक्यता' हे फलकावरचे वाक्य त्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. तरी घंटा येते! पुष्कळ लहान लहान यादृच्छिक धक्क्यांची बेरीज झाली की धक्क्यांचा तपशील पुसला जातो आणि आकार तोच उरतो, हा संभाव्यतेतील एक गहन सिद्धांत आहे. या मांडणीतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच, पण फलक तिच्याबद्दल बहुधा मौन बाळगतात.

चौकोनी चाक आणि कागदाची पट्टी

न्यूयॉर्कच्या संग्रहालयाची ओळख बनलेली वस्तू म्हणजे चौकोनी चाकांची तिचाकी. ती उंचवट्यांच्या रस्त्यावरून चालते आणि बसणाऱ्याला धक्का लागत नाही. दोन टोकांना धरून लोंबणाऱ्या साखळीचा आकार उलटा केला की त्या उंचवट्यांचा आकार मिळतो.

तिचाकीवर बसणे मजेचे असणारच. पण बसणाऱ्याला काय बदलता येते? चाक ठरलेले, रस्ता ठरलेला. त्याऐवजी टेबलावर चौकोनी, पंचकोनी आणि षट्कोनी अशी तीन चाके आणि तीन रस्ते ठेवा, आणि कोणते चाक कोणत्या रस्त्याचे ते ओळखा म्हणा. मग मुलांच्या लक्षात येईल की दोन उंचवट्यांमधल्या खाचेत चाकाचा कोपरा नेमका बसला पाहिजे. चौरसासाठी ती खाच ९० अंशांची हवी, पंचकोनासाठी १०८ आणि षट्कोनासाठी १२०. उंचवट्याच्या कडेची लांबी चाकाच्या बाजूएवढी हवी, हेही कळेल. मग कोणीतरी त्रिकोणी चाक मागेल. ते मात्र चालत नाही. त्याचा कोपरा खाचेत उतरण्याआधीच शेजारच्या उंचवट्याला धडकतो. हा शोध त्यांनी स्वतः लावावा.

मोबियसच्या पट्टीचेही तसेच. इम्स यांच्या दालनातील मोठ्या पट्टीवरून बाण फिरतो आणि तिला एकच बाजू आहे हे दाखवतो. पण ती पट्टी कापता येत नाही. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवा आणि मधोमध कापत जा. दोन पट्ट्या होतील असे सर्व जण म्हणतील. होते एकच, दुप्पट लांब. कडेपासून एकतृतीयांश अंतरावर कापत गेलात तर एकमेकींत अडकलेल्या दोन पट्ट्या मिळतात, एक लहान व एक मोठी. का? मूळ पट्टीला कड एकच होती, हे ध्यानात घेऊन विद्यार्थी स्वतः उत्तर काढू शकतात. एवढी महागडी वस्तू जे करू शकत नाही ते कात्री आणि रद्दी करते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून जे वर्षानुवर्षे दाखवले, त्याचे गणितातले मोल हेच आहे. वस्तू स्वस्त असली की ती मोडता येते, बदलता येते आणि घरी नेता येते.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, संग्रहालय म्हणजे वर्ग नव्हे. तेथे सिद्धता कशाला हव्यात? मुलांना गणिताची गोडी लागली तरी पुष्कळ झाले. या आक्षेपात तथ्य आहे. गणिताच्या तासाला भेदरणारे मूल चौकोनी चाकावर हसत बसले, तर ती लहान गोष्ट नाही. गणित हे माणसांनी आनंदाने केलेले काम आहे, हे इम्स दांपत्याने लाखो लोकांना दाखवले, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असावे.

पण गोडी कशाची, हे पाहायला हवे. आश्चर्य वाटणे आणि प्रश्न पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जादूगाराच्या खेळातही आश्चर्य वाटते. पण घरी जाताना आपण म्हणतो, 'त्याला जमते, आपल्याला नाही.' गणिताची मांडणी पाहूनही मूल हेच म्हणत असेल तर आपण त्याची भीती घालवली नाही, तिला रंगीत दिवे लावले. संशोधनात आमचा बहुतेक वेळ चुकीचे अंदाज बांधण्यात आणि ते का चुकले हे शोधण्यात जातो. ज्या मांडणीत चुकता येत नाही, तिच्यात गणित करता येत नाही. फक्त पाहता येते.

शिक्षकांनी काय करावे?

संग्रहालये आपल्या सांगण्याने लगेच बदलणार नाहीत. सहल मात्र आपल्या हातात आहे. सहलीआधी वर्गात दोन-तीन मांडण्यांविषयी अंदाज लिहून घ्यावेत. सरळ उतार जिंकेल की वक्र? चार खेड्यांचा रस्ता कसा असेल? लिहिलेला अंदाज चुकला तर तो लक्षात राहतो. दालनात सर्व काही पाहण्याचा हट्ट सोडावा. पन्नास मांडण्यांपुढून धावण्यापेक्षा तीन मांडण्यांपुढे वीस-वीस मिनिटे बसावे. प्रत्येक फलकावरचे एक वाक्य वहीत उतरवून त्याखाली दोन रकाने करावेत, 'हे मला दिसले' आणि 'हे मला सांगितले गेले'. पायथागोरसच्या चक्रापुढे हे रकाने भरताना वर्गातील हुशार विद्यार्थीही अडखळतील.

सहलीनंतर एक मांडणी शाळेत पुन्हा करावी. गाल्टनच्या यंत्राऐवजी मैदानावर अकरा खुणा करा. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवून छापा किती वेळा आला ते मोजावे आणि त्या खुणेपाशी रांगेत उभे राहावे. मेरुप्रस्ताराप्रमाणे मधल्या रांगेत सुमारे दहा मुले यायला हवीत. प्रत्यक्षात आठ येतील, तेरा येतील, एखादी शेजारची रांग अधिक लांब होईल. काचेवर रंगवलेल्या वक्रासारखी गुळगुळीत घंटा मैदानावर दिसणार नाही. ती का दिसत नाही आणि चारशे मुले असती तर काय झाले असते, यावर एक तास सहज चर्चा होईल.

शेवटी एक काम विद्यार्थ्यांसाठी. चौसष्टचे पासष्ट करणाऱ्या कोड्यातील ५, ८, १३ या संख्या हेमचंद्राच्या क्रमातल्या आहेत. त्या क्रमात प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. आता एक पायरी पुढे जा. तेरा बाय तेराचा चौरस घ्या, त्याच रीतीने ८ आणि ५ असे भाग करून कापा आणि आठ बाय एकवीसचा आयत मांडा. चौरसाचे क्षेत्रफळ १६९, आयताचे १६८. या वेळी एक घर वाढण्याऐवजी हरवले. ते कोठे गेले, हे आधी तुकडे मांडून शोधा आणि मग तुकडे बाजूला ठेवून कागदावर शोधा.